जिप्सी विकवत नाही, त्याची कारणं

आमची जिप्सी विकून टाका, असा सल्ला देणाऱ्यांची संख्या अलीकडे फार वाढली आहे. धाकटे दीर म्हणतात, ''वहिनी, या डब्यात पैसे कशाला घालता?'' लेक पुण्याहून सुट्टीला आली की तिचं एकच, ''आई, आता तरी एसीवाली गाडी घ्या ना!'' आणि गल्लीतल्या बायका गाडी सुरू झाल्याचा आवाज ऐकून हसतात, ''निघाली ताईंची वरात!''

मैत्रिणींनो, त्यांचं कुणाचंच चुकत नाही. आमची गाडी १९९९ सालातली. आम्ही ती २००४ मध्ये जुनीच घेतली. तिला एसी नाही, पॉवर स्टिअरिंग नाही. वर कापडी टप, त्यामुळे पावसात बाजूच्या फटीतून पाणी येतं आणि उन्हाळ्यात धूळ. पाट्यांवर उभी असलेली गाडी, त्यामुळे खड्डा आला की कंबरेला कळतो. पेट्रोल लिटरला दहा-अकरा किलोमीटर, तेही तिचा मूड असेल तर. लग्नाला चांगली साडी नेसून या गाडीतून गेलं तर उतरल्यावर आधी पदर झटकावा लागतो.

मग तरी ही गाडी आमच्या घरात का आहे? आणि आमच्याच नाही, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात, गडचिरोलीत, तिकडे हिमाचलात, उत्तराखंडात ज्यांच्याकडे जिप्सी आहे ती माणसं ती सहसा सोडत का नाहीत? हा प्रश्न गाड्यांच्या शौकिनांचा आहे असं समजून आपण बायका तो सोडून देतो. मला वाटतं, तो आपलाही आहे.

आधी थोडी ओळख. मारुतीने जिप्सी बाजारात आणली ती १९८५ च्या शेवटी. मारुती ८०० येऊन जेमतेम दोन वर्षं झाली होती. मूळ नमुना जपानच्या सुझुकी कंपनीच्या छोट्या जिम्नी जीपचा, फक्त लांबी वाढवलेला. पहिलं इंजिन ९७० सीसीचं, म्हणजे आजच्या साध्या छोट्या गाडीएवढंच. १९९६ मध्ये 'जिप्सी किंग' आली, १३०० सीसीचं इंजिन आणि पाच गियर घेऊन. पुढे इंजिन थोडं सुधारलं, पण बाकी सांगाडा जवळजवळ तसाच राहिला. २०१८-१९ मध्ये सामान्य गिऱ्हाइकांसाठी ती बंद झाली. एअरबॅग, एबीएस ब्रेक, भारत स्टेज-६ असे नवे नियम आले आणि तेहतीस वर्षं जुनी गाडी त्यात बसेना.

एवढी वर्षं चालली, पण घरगुती गिऱ्हाईक तिच्याकडे फारसं वळलं नाही. कारण उघड आहे. जीपसारखी गाडी घेणाऱ्याला डिझेल हवं असायचं आणि ही पेट्रोलची. कुटुंबाला आराम हवा असायचा आणि हिच्यात मागे समोरासमोर दोन बाकडी. त्यामुळे ही सैन्याची, पोलिसांची, वनखात्याची आणि निवडणुकीत हात हलवणाऱ्या पुढाऱ्यांची गाडी असाच शिक्का बसला. लोकांनी तिला सलाम केला, पण दारात आणली नाही!

ज्यांनी आणली त्यांना मात्र वेगळंच काही कळलं.

पहिलं म्हणजे तिचं वजन. जिप्सी जेमतेम एक टनाची. आजच्या मोठ्या गाड्या दीड-दोन टनांच्या असतात. आमच्याकडे धानाचा पट्टा. पावसाळ्यात बांध्यांमधल्या पांदण रस्त्याला चिखल असा की बैलगाडीही थबकते. जड गाडी रुतली की ट्रॅक्टर बोलवा. जिप्सी रुतली तर चार माणसं ढकलून काढतात. एकदा तर आमच्या गटातल्या पाच बायकांनीच काढली, साड्या खोचून!

दुसरं, तिच्या गियरशेजारी असलेला तो छोटा दांडा. तो ओढला की इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते. आणखी एका जागी नेला की गाडी अगदी हळू चालते, पण जोर कितीतरी वाढतो. डोक्यावर भरलेली घागर घेऊन चढ चढताना आपण पावलं लहान टाकतो ना, तसंच. हे तंत्र जिने एकदा नाला ओलांडताना अनुभवलं, तिला मग त्या गाडीचा हादरा लागत नाही.

तिसरं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. ही गाडी दुरुस्त होते. आमच्या गावातले मिस्त्री चाचा शाळा फार शिकलेले नाहीत, पण जिप्सीचं बॉनेट उघडलं की त्यांना सगळं दिसतं. पाटा तुटला, पाटा बदला. क्लच घासला, प्लेट बदला. नवीन गाडीत लाल दिवा लागला की ती शहरातल्या सर्व्हिस सेंटरला न्यायची, तिथे कॉम्प्युटर लावायचा आणि तो काय म्हणतो ते आपण ऐकायचं. शंभर किलोमीटरवरच्या खेड्यात राहणाऱ्या माणसाला हे परवडतं का? पैशाने परवडेलही, वेळाने नाही. आपल्या आया-आज्यांनी पितळेची भांडी का जपली? कल्हई लावली की ती पुन्हा उभी राहायची. जी वस्तू आपल्या गावातल्या हातांनी नीट होते, तिच्याशी नातं जडतं. जी बिघडली की फेकावीच लागते, तिच्यावर माया करायला सवडच मिळत नाही.

आणि चौथं कारण, जे कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीत नसतं. ती समोरासमोरची बाकडी! नव्या गाडीत सगळे पुढच्याच्या मानेकडे बघत बसतात. जिप्सीत मागे सहा बायका बसल्या की गुडघ्याला गुडघा लागतो आणि तोंडाला तोंड. मी गेली अठरा वर्षं बचत गटांचं काम करते. किती बैठका सभेच्या जागी पोचण्याआधी गाडीतच उरकल्या आहेत! कुणाचा हप्ता का थकला, कुणाचा नवरा पुन्हा प्यायला लागला, कुणाच्या सुनेला माहेरी का धाडलं, हे गावच्या चावडीवर कुणी बोलत नाही. हादरे खात, एकमेकींना धरून बसलेल्या बायका ते बोलतात. मोतीबिंदूच्या शिबिराला म्हाताऱ्या मावश्यांना न्यायचं तर त्यांना वर चढता येत नाही, म्हणून आम्ही मागे एक लाकडी पाट कायमचा ठेवला आहे. त्या पाटावर पाय ठेवून चढलेल्या आणि चार दिवसांनी उजेड घेऊन परतलेल्या बायका मला विचारतात, ''ताई, गाडी विकली तं नाही ना जी?'' आता सांगा, कशी विकू?

आता दुसरी बाजूही बोलायला हवी, कारण माया आंधळी असून चालत नाही. त्या बाकड्यांना पट्टे नाहीत. एअरबॅग नाही. हायवेवर ऐंशीच्या वर गेलं की गाडी आपल्याला सांगतेच की हे माझं काम नव्हे. जुन्या इंजिनाचा धूर नव्यापेक्षा जास्तच. म्हणून आमच्या घरचे नियम ठरलेले आहेत. नागपूरला जायचं तर एसटी नाहीतर रेल्वे. गाडीत सहाच्या वर माणसं नाहीत, मग कुणी कितीही नाती काढोत. लहान मुलं मागे काठाला नाहीत. 'आपलीच गाडी आहे, घ्या आणखी दोघांना' हे वाक्य प्रेमाचं वाटतं, पण अपघात झाल्यावर त्याचा अर्थ बदलतो. गाडीवर प्रेम असेल तर तिची मर्यादाही आपणच सांभाळायची.

सरकारचंही म्हणणं ऐकायला हवं. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की तपासणी करून नोंदणी पुन्हा करावी लागते. तिची फी आधी ६०० रुपये होती, ती एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी ती १०,००० केली. वर पर्यावरण कर वेगळा. सरकारी खात्यांच्या पंधरा वर्षांवरच्या गाड्या तर एप्रिल २०२३ पासून मोडीतच काढायच्या असं ठरलं, त्यात कितीतरी जिप्सी गेल्या असतील. प्रदूषण कमी व्हायला हवं, याबद्दल माझं दुमत नाही. पण महिन्याला दोन-तीनशे किलोमीटर, तेही खेड्यापाड्यांत चालणारी गाडी आणि शहरात रोज शंभर किलोमीटर धूर सोडत फिरणारी गाडी, दोघींना एकाच वयाच्या काठीने हाकणं बरोबर आहे का? तपासणी कडक करा, धूर मोजा, ब्रेक मोजा. जी नापास होईल ती खुशाल मोडीत काढा. पण जी पास होते, तिला नुसत्या वयाचा दंड कशाला? म्हाताऱ्या माणसाची किंमत आपण त्याच्या वयावरून ठरवत नाही, मग कामाच्या वस्तूची का ठरवावी?

आमच्या भागात या गाडीचा आणखी एक पदर आहे. ताडोब्याच्या जंगलात पर्यटकांना वाघ दाखवते ती बहुतेक वेळा जिप्सीच. उघडी, हलकी, डिझेलइतकी न गुरगुरणारी. मोहर्ली, कोलारा, नवेगाव या गेटांभोवतीच्या गावांतली कितीतरी घरं या गाड्यांवर चालतात. सहा पर्यटक, एक चालक, एक गाईड, सकाळ-दुपार फेऱ्या. गाईडच्या कामात बायका आल्या. अलीकडे वनखात्याने गावातल्या बायकांना जिप्सी चालवायलाही शिकवलं, ही बातमी वाचली तेव्हा मला मनापासून आनंद झाला.

कारण याच जिल्ह्याच्या जंगलात बायका पहाटे पायी जातात, मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. वाघ गाडीतून बघणारा वेगळा आणि वाघाच्या वाटेवर वाकून पानं तोडणारी वेगळी. म्हणून गावातल्या बाईच्या हातात जिप्सीचं स्टिअरिंग येणं ही मला फोटोपुरती गोष्ट वाटत नाही. तिची कमाई गाडीतून आली तर तिला त्या पानांसाठी तितक्या आत जावं लागणार नाही.

आणि इथेच मला आपल्याबद्दल बोलायचं आहे. गाडीचं प्रेम म्हटलं की तो पुरुषांचा विषय ठरतो. ते रविवारी गाडी धुतात, मित्रांना इंजिन दाखवतात. आपण चहा देतो. पण किती घरांत आरसी बुकावर बाईचं नाव आहे? मी पस्तिसाव्या वर्षी ही गाडी शिकले. स्टिअरिंग फिरवताना दंड भरून यायचे. पाय पोचत नव्हता म्हणून पाठीमागे उशी घेतली, ती आजही आहे. यांनी आधी नाक मुरडलं, पण आता स्वतःच सांगतात, ''पांदणीत ती नेईल, मला नको सांगू.'' आधी मला ही गाडी 'ह्यांची' वाटायची. चालवायला लागले तेव्हा ती माझी झाली. हात लागल्याशिवाय माया लागत नाही, हे स्वयंपाकघराइतकंच गाडीलाही लागू आहे.

२०२३ मध्ये नवी जिम्नी आली. देखणी आहे, सुरक्षित आहे. सैन्यानेही मध्यंतरी टाटाची सफारी स्टॉर्म घेतली. नव्याला माझा विरोध नाही. ज्यांना परवडतं आणि हवं आहे त्यांनी जरूर घ्यावं. माझं म्हणणं इतकंच की जुनी गाडी सांभाळणाऱ्याला वेडं किंवा कंजूष समजू नका. त्याने त्या गाडीकडून काय काय काम करून घेतलं आहे, ते एकदा विचारा.

आणि मैत्रिणींनो, तुमच्या दारात अशी जुनी जिप्सी, जीप किंवा नुसती जुनी लुना असेल तरी दोन गोष्टी करा. ती चालवायला शिका. आणि वहीत तिचा हिशेब ठेवा, तेल कधी बदललं, काय मोडलं, किती खर्च झाला. मग ती विकायची की ठेवायची हा निर्णय घरात होईल तेव्हा तुमच्या शब्दाला वजन असेल. आमच्या वहीतला हिशेब मी गेल्याच महिन्यात घातला. जितका खर्च ती मागते, त्याहून जास्त ती देते. ज्या वर्षी उलटं होईल, त्या वर्षी मीच सांगेन, द्या तिला निरोप. तोपर्यंत आमची वरात अशीच खडखडत निघणार!