पस्तिसावा टप्पा आणि शेवटचे दोनशे मीटर

३ जुलै २०२४ रोजी फ्रान्समधील सँ-व्युल्बा या गावात मार्क कॅव्हेंडिशने टूर द फ्रान्सचा पाचवा टप्पा जिंकला. वय वर्षे एकोणचाळीस. टूरमधला हा त्याचा पस्तिसावा टप्पा-विजय. बेल्जियमच्या एडी मर्क्सने १९६९ ते १९७५ या काळात ३४ टप्पे जिंकले होते. त्या आकड्याशी कॅव्हेंडिशने २०२१ मध्ये बरोबरी केली होती, आता तो आकडा मागे पडला. त्यानंतर जे लिहिले-बोलले गेले त्याचे दोन पंथ पडतात, आणि आमचा वाद दोन्ही पंथांशी आहे.

पहिला पंथ नाक मुरडणाऱ्यांचा. मर्क्सने पाच वेळा अख्खी टूर जिंकली. तो डोंगरात जिंकला, घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत जिंकला. हा स्प्रिंटर मात्र दिवसभर इतरांच्या आडोशाने सायकल हाकतो आणि शेवटच्या दोनशे मीटरांत पुढे घुसतो. मग तुलना कसली, असा यांचा सवाल. दुसरा पंथ गहिवरणाऱ्यांचा. आजार, नैराश्य, मोडलेली हाडे आणि अखेर विजय! या पंथाला कॅव्हेंडिशमध्ये पुनरागमनाच्या महाकाव्याचा नायक सापडला. वरवर पाहता एक निंदक, दुसरा भक्त. आमच्या मते दोघांचा दृष्टिदोष एकच आहे: दोघांनाही अंतिम रेषेवरच्या माणसाखेरीज काही दिसत नाही.

आधी निंदकांकडे वळू. मर्क्स आणि कॅव्हेंडिश यांना एकाच तागडीत घालणे म्हणजे कादंबरीकार आणि गझलकार यांची थोरवी पानांच्या संख्येवर ठरवणे होय. हा साहित्यप्रकारांचा गोंधळ वर्गात कोणी केला तर आपण त्याला लगेच हटकतो. क्रीडेच्या बाबतीत तो खपून जातो. शिवाय 'आडोसा' हा आरोप ज्या सहजपणे केला जातो तीत अज्ञान आहे. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराचा मुख्य शत्रू हवा. तिच्यापासून आडोसा घेणे हा या खेळाचा पाया आहे, आणि तो मर्क्सलाही लागू होता. उरला प्रश्न कष्टांचा. प्रत्येक टप्प्यावर विजेत्याच्या वेळेच्या हिशेबाने एक कालमर्यादा ठरते. तिच्या आत न पोचणारा स्पर्धेबाहेर जातो. आल्प्स आणि पिरेनीजच्या चढांवर जड बांध्याच्या स्प्रिंटरला ही मर्यादा रोज गाठावी लागते. २०१८ मध्ये ला रोझिएरच्या टप्प्यावर कॅव्हेंडिशला ती गाठता आली नाही आणि त्याची टूर तिथेच संपली. २०२४ च्या पहिल्याच टप्प्यावर इटलीच्या उन्हात तो ओकाऱ्या काढत मागे पडला होता. संघातले सहकारी त्याच्यासाठी मागे थांबले, म्हणून तो वेळेत पोचला. सपाटीवर जिंकण्याचा हक्क स्प्रिंटर डोंगरात मिळवतो. ती बाजू निकालपत्रकात छापली जात नाही, एवढेच.

आता भक्तांकडे. २०१६ पर्यंत कॅव्हेंडिशच्या नावावर ३० टप्पे होते. २०१७ मध्ये त्याला एपस्टाइन-बार विषाणूच्या संसर्गाचे निदान झाले, २०१८ मध्ये नैराश्याचे. २०२० च्या गेंट-वेव्हेलगेम शर्यतीनंतर, ही कदाचित आपली शेवटची शर्यत असेल, असे तो रडत बोलला. २०२१ मध्ये मात्र त्याने चार टप्पे आणि हिरवी जर्सी जिंकली. कथा तयार! पण त्या वर्षी त्याला संघात जागा मिळाली ती सॅम बेनेटच्या गुडघ्याच्या दुखापतीमुळे, आणि हा बेनेट आदल्याच वर्षीच्या हिरव्या जर्सीचा मानकरी होता. महाकाव्यात बेनेट कुठे आहे? शेवटच्या किलोमीटरात कॅव्हेंडिशला आपल्या मागे घेऊन वाट काढणारा मायकेल मॉर्कॉव्ह कुठे आहे? नायक एकटा दिसावा म्हणून बाकीच्यांना पानाबाहेर काढले गेले.

याहून गंभीर आक्षेप पुढचा. २०२३ हे आपले शेवटचे वर्ष असे कॅव्हेंडिशने जाहीर केले होते. त्या टूरच्या सातव्या टप्प्यावर, बोर्दोत, तो दुसरा आला. आठव्यावर पडून त्याचे गळपट्टीचे हाड मोडले. तो तिथेच थांबला असता तर हीच मंडळी शोकांतिका लिहून मोकळी झाली असती. म्हणजे अर्थ शेवट पुरवतो. मधली सोळा वर्षे नुसती भरताड. नैराश्याला विजयाच्या आधीचे प्रकरण बनवणाऱ्या कथनाचा एक अघोषित निष्कर्ष असतो: जो जिंकला नाही तो बरा झालाच नाही. या निष्कर्षाचा भार न जिंकणाऱ्या असंख्य आजारी माणसांवर पडतो. त्याला आमचा स्पष्ट विरोध आहे.

यावर कोणी म्हणेल, मग प्रतिभा काही नाहीच काय? आहे. २०१० मध्ये अकराव्या टप्प्यावर कॅव्हेंडिशला पुढे आणणाऱ्या मार्क रेनशॉने प्रतिस्पर्ध्याला डोक्याने ढुशा दिल्या. कॅव्हेंडिश टप्पा जिंकला, रेनशॉ स्पर्धेतून हाकलला गेला. आणि रेनशॉवाचून कॅव्हेंडिशने त्याच टूरमध्ये आणखी दोन टप्पे जिंकले. पण त्याच रेनशॉला २०२४ मध्ये मार्गदर्शक म्हणून आणि मॉर्कॉव्हला सहकारी म्हणून जवळ करणारा संघ त्याच्या पाठीशी होता, ही त्या विजयाची तितकीच खरी हकिकत आहे. प्रतिभा मान्य करण्यासाठी साथसंगत पुसून टाकावी लागते, हा समज आपल्या टीकाव्यवहारातही खोल रुजलेला आहे. लेखकाचे नाव ठळक आणि संपादक, अनुवादक, मुद्रितशोधक अदृश्य.

२०१२ साली विश्वविजेत्याची इंद्रधनुषी जर्सी घातलेला कॅव्हेंडिश संघातल्या इतरांसाठी पाण्याच्या बाटल्या वाहत होता. त्याच टूरच्या अखेरच्या दिवशी, पॅरिसच्या शाँज-एलिजेवर, पिवळ्या जर्सीतला ब्रॅडली विगिन्स, म्हणजे संपूर्ण स्पर्धेचा विजेता, त्याच्यासाठी सर्वांपुढे राहून हवा कापत होता. टप्पा कॅव्हेंडिशच्या नावावर लागला. हा खेळ ज्याला वाचायचा आहे त्याने त्या दिवसापासून सुरुवात करावी. आकडे नंतर मोजता येतील.