वर्गणीची भाजी

हंगामाआधी शेतकऱ्याला वर्गणी द्यायची आणि दर आठवड्याला शेतात निघेल ती भाजी घ्यायची, ही पद्धत अमेरिकेत १९८६च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायरमध्ये रुजली; आता पुण्या-मुंबईतही अशी भाजी घरपोच येते. उन्हाळ्यात तक्रार ठरलेली: दुधी, दोडका, गवार इतकी येते की निम्मी वाया जाते. मला वाटतं, आधी पदार्थ ठरवून मग भाजी शोधायची आपली सवय इथे आड येते. एरवी भरपूर आलेल्या भाजीचं काय करायचं, हे आपल्या स्वयंपाकाला चांगलं ठाऊक आहे. दोडक्याच्या शिरा थोड्या तेलात मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या, मग तीळ, सुकं खोबरं, तिखट, मीठ. ही कोरडी चटणी काही दिवस सहज टिकते. दुधी किसून भाजणीत कालवला, तर त्याच्याच पाण्यात पीठ भिजतं आणि थालीपीठं मऊ होतात. कोवळी गवार वाफवून, मीठ घातलेल्या ताकात मुरवून कडक वाळवली, की पावसाळ्यात तळून खिचडीबरोबर घेता येते. एवढा वेळ कुणाला आहे, हा आक्षेप रास्तच. दोघंही नोकरी करत असतील तर रोज नवा पदार्थ होणार नाही. पण वाळवणाचं बरंचसं काम ऊनच करतं आणि शिरांची चटणी भाजी शिजेपर्यंत होते. मुंबईच्या दमट हवेत मात्र वाळवणाला बुरशी धरते, तिथे चटणी आणि थालीपीठावरच भर द्यावा.