पिल्लू नशिबाने जात नाही



कापसाचा हिशेब आपण क्विंटलात मांडतो, ज्वारीचा पोत्यात. अंगणातल्या कोंबडीचा हिशेब मात्र कोणी मांडत नाही. खुडूक कोंबडीखाली 10 अंडी ठेवली, 21 दिवसांनी 8 पिल्ले निघाली आणि महिन्याने 3 उरली, तर घरात एवढेच म्हणतात, "नेली कशाने तरी." ती 5 पिल्ले म्हणजे घरच्या बाईच्या हातचा पैसा. पोराची वही, म्हातारीची गोळी, बाजाराचे तेलमीठ त्यातून निघते. हे नुकसान किरकोळ कसे?

आधी चोर ओळखा. दिवसा उघड्यावरून एकच पिल्लू गेले, रक्त नाही की पीस नाही, तर घार, शिक्रा नाहीतर कावळा. दिवसाच खुराड्यात दोन-चार पिल्ले मानेला, डोक्याला चावून मेलेली सापडली, तर बहुधा मुंगूस. रात्रीतून पिल्लू गेले आणि दूर कुंपणापाशी पिसे पडली, तर रानमांजर किंवा उदमांजर. पिल्लांचे पाय कुरतडलेले आणि कोपऱ्यात बीळ, तर उंदीर-घूस. पिल्लू जागीच मेलेले, डोके-मान ओलीचिकट, तर सापाने गिळता गिळता सोडले. अशा खुराड्यात बॅटरीने पाहिल्याशिवाय हात घालू नका. कोंबड्या फाडून नुसत्या विखरून टाकल्या, तर गावचे मोकाट कुत्रे.

आता आपल्या अंगणाकडे पाहा. पऱ्हाटीची गंजी खुराड्याला टेकलेली, बाजूला कडबा. उंदीर तिथे राहतो, उंदरामागे साप येतो, दोघांमागे मुंगूस. वेचणीच्या दिवसांत घरचे सारे शेतात, अंगण दिवसभर रिकामे. चोराला आसरा आपण दिला, वेळही आपणच दिली.

उपाय महागडे नाहीत. गंजी खुराड्यापासून दूर न्या. खुराड्याचा तळ दगडाचा करा, बिळे बुजवा. तुराट्यांच्या कुडाला आतून अर्धा इंची चौकोनी जाळी लावा आणि फूटभर जमिनीत गाडा. मोठ्या भोकांची जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. दिवेलागणीच्या आत दार लावा. कडी अशी हवी की ढकलून उघडणार नाही. पहिले सहा आठवडे पिल्ले मोकळी सोडू नका. घरी माणूस नसेल, तर ती सावलीत, जाळीच्या आत, वरून झाकलेली असू द्या. सांडलेले दाणे रोज झाडा.

वनराजा, गिरिराजा यांसारख्या सुधारित जातींची पिल्ले यंत्रात उबवून येतात. घार दिसताच ओरडून पंखाखाली घेणारी आई त्यांना नसते. पिल्ले घरी आणण्याआधी जाळी तयार हवी. देशी खुडूक कोंबडी घरी असेल, तर ती विकायची घाई करू नका.

एक गोष्ट मात्र करायची नाही. फवारणीचे उरलेले औषध मटणाच्या तुकड्यात घालून ठेवायचे नाही. 2017 साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषाने शेतकरी आणि मजुरांचे जीव घेतले. तेच विष अंगणात पोरांच्या हाताशी ठेवायचे? शिवाय मुंगूस, घोरपड, रानमांजर यांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. मारणारा गुन्हेगार ठरतो. आणि मुंगूस मेले की शेतातल्या उंदरांना रान मोकळे. ज्वारीचे कणीस मग कोण राखणार? मुंगसाला शेतात राहू द्या, खुराड्यात येऊ देऊ नका.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक घराने तीन आकडे आणावेत: पिल्ले निघाली किती, उरली किती, गेलेली कशाने गेली. हे आकडे घरच्या बाईला तोंडपाठ असतात, तेव्हा बैठकीला तिलाच घेऊन या. ज्या गावात सगळी पिल्ले दिवसा जातात आणि ज्या गावात रात्री जातात, त्यांचा इलाज एक नाही. नुकसान मोजले की नशिबाला बोल लावायची गरज उरत नाही.