समुद्र दूर आहे, पाणी नाही

जबलपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटर उंचीवर वसले आहे आणि किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. त्यामुळे चक्रीवादळ ही ओडिशा-आंध्रची चिंता, अशी येथे सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहिली पाहिजे.

अमेरिकेतील ॲशव्हिल या डोंगराळ गावाचीही अशीच समजूत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर धडकलेले 'हेलीन' वादळ तेथपर्यंत पोहोचले. १९१६ च्या महापुराची नोंद मोडली गेली आणि नळाला पिण्याजोगे पाणी येण्यास सात आठवड्यांहून अधिक काळ लागला.

जमिनीवर आल्यावर वादळाचा वारा मंदावतो. त्याने आणलेले बाष्प मात्र पुढे जाते. बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे पट्टे पावसाळ्यात मध्य प्रदेशापर्यंत येतात. मंडल्याच्या डोंगरांवर ते रिते झाले की नर्मदा फुगते, बरगी धरणाचे दरवाजे उघडावे लागतात आणि ग्वारीघाट, तिलवाराघाट पाण्याखाली जातात.

नदीचा पूर निदान दिसतो तरी. शहराच्या पोटातला पूर आपण स्वतः निर्माण केला आहे. बावन्न तालांचे शहर ही जबलपूरची जुनी ख्याती. राणीताल, चेरीताल, आधारताल ही नावे गोंड राजवटीची आठवण सांगतात. परंतु चेरीताल म्हणजे आज तळे नव्हे, वस्ती. पावसाला हे फेरफार ठाऊक नसतात. पुण्याच्या आंबिल ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री हेच दाखवून दिले.

अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे, तर तळे बुजविल्याचा लाभ एकाच्या पदरात पडतो आणि तोटा सखल भागातील हजारो घरांत वाटला जातो. टळलेली हानी कोणत्याही जमाखर्चात दिसत नाही. मदतवाटप मात्र छायाचित्रांसह दिसते. म्हणूनच प्रशासनाला प्रतिबंधापेक्षा मदतकार्य सोपे वाटते.

आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ पासून आहे आणि त्याने प्रत्येक जिल्ह्याला आराखडा बंधनकारक केला आहे. तेव्हा नवा कायदा नको. जुन्या महसुली नकाशांवरील ताल आणि ओमती, मोती या नाल्यांची हद्द त्या आराखड्यात उतरवावी, आणि त्या हद्दीत बांधकामाची परवानगी देणाऱ्याने लेखी कारण द्यावे. एवढ्या एका सहीची जबाबदारी निश्चित झाली, तरी पुष्कळ तळी वाचतील.