तीन किलो फ्लीस

पनवेलला थंडी पडते, असं मी मानतो. घरात कुणी मानत नाही. त्यामुळे उल्हासनगरला साखरपुड्याच्या खरेदीला गेलेला माणूस तीन किलो फ्लीस घेऊन आल्यावर जे व्हायचं ते झालं. कारखान्याचा उरलेला लॉट, तीनशे जीएसएमचा, किलोच्या भावाने!  

फ्लीस शिवायला सोपं, असं सगळे सांगतात. कापल्यावर धागे सुटत नाहीत, इंटरलॉक लागत नाही, हे खरं. पण जाडी? आईच्या पायमशीनवर दोन पदरी शिवण बसली, कॉलरशी चार पदर आले आणि मशीन टाके खायला लागलं. सोळा नंबरची सुई घातली, तेव्हा कुठे चाललं. शिवण बसावी म्हणून इस्त्री फिरवली, तर तेवढी जागा चकाकू लागली. शेवटी प्लॅस्टिकच ते. घरभर लव उडाली, आमटीतही सापडली.

जॅकेट झालं. हिचे मामा आले होते, त्यांना कौतुकाने दाखवलं. मामा गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. 1982च्या संपात बाहेर पडले ते कायमचे. गिरणी कामगारांच्या सोडतीत घर लागलं ते आमच्या पनवेलजवळ कोनला. परळच्या चाळीतून थेट एक्स्प्रेस-वेच्या तोंडाशी. त्यांनी कापड चिमटीत धरलं. "साच्यावरचं नाही हे. होजियरी."

मग मी ज्ञान पाजळलं. हे कापड अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या माल्डन मिल्सने 1979च्या सुमाराला काढलं. 1995च्या डिसेंबरात ती गिरणी जळाली, तर मालक ॲरन फॉयरस्टाइन यांनी काम बंद असतानाही कामगारांना काही महिने पगार दिले.

"जळाल्यावर?"

"हो."

"काम नसताना?"

"हो, मामा."

मामा बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिले. संपाच्या काळात त्यांच्या घरी भाकरीचं पीठ कुठून यायचं, हे मामी सांगते. मामा कधी सांगत नाहीत. मग म्हणाले, "मग चालली का पुढे गिरणी?"

2001मध्ये दिवाळं निघालं, हे मला सांगावं लागलं. मामांनी फक्त मान हलवली आणि जॅकेट उजेडात धरलं.

"जावईबापू, एक बाही उलटी कापलीत."

लव एकीची खाली, दुसरीची वर. एकाच थानातल्या दोन बाह्या, एक गडद, एक फिकी. आठ दिवसांत हे ना मला दिसलं, ना हिला.

उसवू का म्हटलं, तर नको म्हणाले. कोनला वरच्या मजल्यावर पहाटे वारा लागतो. जॅकेट घालूनच गेले. दोन किलो फ्लीस अजून शिल्लक आहे. कुणाला हवं असेल तर घेऊन जा. फक्त कापण्याआधी हात फिरवून लव बघा.