मैदान मोजल्याशिवाय मॉडेल उचलू नका

"ताई, चाललेलं मॉडेल सांगा, आम्ही तेच करतो." चॅनेलवर हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आज त्यावर लिहूनच टाकते. माझं मत पहिल्यांदाच सांगते. चाललेलं मॉडेल असं काही सुटं नसतं. ते कुठल्या जागेत चाललं, हा त्या मॉडेलचाच भाग असतो. जागा सोडून फक्त मॉडेल उचललं की निम्मीच गोष्ट घरी येते, आणि कर्ज मात्र पूर्ण येतं.

हे समजावायला मी एका खेळाचं उदाहरण घेणार आहे. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिकडे लाडाने 'फूटी' म्हणतात. आपल्याकडे फार कोणी बघत नाही, पण धंदा करणाऱ्या माणसाने बघावा असा खेळ आहे. कारण यात मैदानाचा आकार ठरलेलाच नाही.

बघा, आपल्या ओळखीच्या फुटबॉलचं मैदान चौकोनी, मापं बहुतेक सारखी. फूटीचं मैदान लंबगोल. नियमात एवढंच की लांबी १३५ ते १८५ मीटर आणि रुंदी ११० ते १५५ मीटर या दरम्यान हवी. हे असं का, तर हा खेळ क्रिकेटच्या पोटातून आला. १८५८ मध्ये टॉम विल्स नावाच्या क्रिकेटपटूने जाहीर पत्र लिहून सुचवलं की हिवाळ्यात क्रिकेटर्स सुस्तावू नयेत म्हणून फुटबॉलचा क्लब काढा. १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने नियम लिहिले. पुढे क्रिकेटची मैदानंच वापरात आली, आणि प्रत्येक मैदानाचा आकार वेगळा तो वेगळाच राहिला.

आता फरक किती पडतो ते पाहू. एमसीजी, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंड, आपल्याला क्रिकेटमुळे माहीत आहे. २०२० च्या बॉक्सिंग डे कसोटीत अजिंक्य रहाणेने ११२ धावा काढल्या ते हेच. फूटीसाठी ते सुमारे १६० मीटर लांब आणि १४० च्या आसपास रुंद असतं. तिथून तासाभराच्या अंतरावर जिलाँग शहर आहे. त्यांचं घरचं मैदान कार्डिनिया पार्क, सुमारे १७० मीटर लांब आणि फक्त ११५ मीटर रुंद. रुंदीत साधारण २५ मीटरचा फरक, म्हणजे क्रिकेटच्या पूर्ण पिचपेक्षा जास्त. आणि दोन्हीकडे एका टीमचे खेळाडू तेवढेच, १८.

अरुंद मैदानावर बचाव सोपा. १८ माणसं कमी जागेत पसरतात, फटी राहत नाहीत. चेंडू एका कडेला अडकवून ठेवता येतो. आक्रमण करणाऱ्याला चेंडू पटकन दुसऱ्या कडेला फिरवायचा असतो, पण फिरवायला जागाच कमी. त्यामुळे कडेकडेने लांब किक मारायची आणि उंच खेळाडूंनी गर्दीत उडी मारून चेंडू पकडायचा, हा खेळ तिथे चालतो. रुंद मैदानावर हेच उलटं होतं. चेंडू या कडेहून त्या कडेला गेला की बचाव करणाऱ्यांना धाव धाव धावावं लागतं, आणि धावता धावता मध्ये दार उघडं पडतं.

अजून एक गंमत आहे. मैदान कितीही लांब असो, त्यावरच्या रेषा त्याच. मधला चौकोन ५० मीटरचा आणि दोन्ही गोलांपासून ५० मीटरवर एक कमान आखलेली. सिडनीचं मैदान लांबीला लहान, सुमारे १५५ मीटर. गणित करा. चौकोनाची कड आणि कमान यात जेमतेम अडीच मीटर उरतात. कार्डिनिया पार्कवर तेच अंतर दहा मीटर. म्हणजे सिडनीत मधून चेंडू सुटला की पहिल्या किकला गोलासमोर. जिलाँगला मध्ये अजून एक हात लागतो. रेषा सारख्या आहेत म्हणून खेळही सारखाच असेल असं समजणारा तिथेच फसतो.

दुकानाचंही हेच आहे. १० फूट रुंद आणि ३० फूट खोल गाळा ३०० चौरस फुटांचा. २० बाय १५ चा गाळाही ३०० चाच. कागदावर दोन्ही सारखे, भाडंही जवळपास सारखं. पण खोल गाळ्यात गिऱ्हाईक आत यायला बिचकतं. तिथे काउंटरवरचा माणूस बोलका हवा, माल आतून काढून दाखवणारा हवा. रुंद गाळ्यात माल रस्त्यावरूनच दिसतो, गिऱ्हाईक स्वतः हात लावून घेतं, तिथे मांडणी बोलते. माझं घरगुती भांड्यांचं आणि प्लास्टिकचं दुकान आहे. या धंद्यात तर हा फरक रोज गल्ल्यात दिसतो.

आता खरी केस सांगते. वर्ष २०१५. पर्थची वेस्ट कोस्ट ईगल्स ही टीम. घरचं मैदान सुबिआको, लांबट आणि अरुंद. त्या वर्षी त्यांचे उंच बचावपटू जखमी झाले. मग कोच अ‍ॅडम सिम्पसनने माणसामागे माणूस न लावता जागा वाटून दिल्या. प्रत्येकाने आपला पट्टा सांभाळायचा. लोकांनी त्याला 'जाळं' असं नावच दिलं. अडचणीतून निघालेली ही पद्धत जबरदस्त चालली. ११ सप्टेंबरला सुबिआकोवर त्यांनी हॉथॉर्नला ३२ गुणांनी हरवलं. ती हॉथॉर्न साधीसुधी टीम नव्हती, आधीची सलग दोन विजेतेपदं त्यांच्याकडे होती.

तीन आठवड्यांनी, ३ ऑक्टोबरला, याच दोन टीम फायनलला समोरासमोर आल्या. या वेळी मैदान एमसीजी. हॉथॉर्न १०७, वेस्ट कोस्ट ६१. म्हणजे ४६ गुणांनी हार. कोच तोच, जाळं तेच, समोरची टीमही तीच. हॉथॉर्नचे खेळाडू अचूक किक मारण्यात पटाईत. रुंद मैदानावर जाळ्याची भोकं मोठी झाली, आणि त्यांनी छोट्या छोट्या अचूक किका मारत चेंडू त्या भोकांतून काढला.

मी असं म्हणत नाही की फक्त मैदानामुळे हरले. फायनलचं दडपण असतं, समोर अनुभवी टीम असते. पण जी पद्धत एका आकारावर बसवली होती, ती दुसऱ्या आकारावर सैल पडली, हे नाकारता येत नाही.

पुढचा भाग जास्त महत्त्वाचा आहे. २०१८ मध्ये वेस्ट कोस्ट सुबिआको सोडून नव्या पर्थ स्टेडियमवर गेली. ते सुबिआकोपेक्षा आखूड आणि रुंद. खेळही बदलला. जाळ्यावर सगळी भिस्त न ठेवता किक मारायची, साथीदाराने पकडायची, पुन्हा किक, असा चेंडू स्वतःकडे ठेवण्यावर भर दिला. रुंद मैदानावर चेंडू तुमच्याकडे असेल तर रुंदी तुमच्या कामाची, त्यांच्याकडे असेल तर तीच रुंदी तुमच्यावर उलटते. त्या वर्षीच्या फायनलला कॉलिंगवूडविरुद्ध एमसीजीवर ते सुरुवातीला चांगलेच मागे पडले, पण शेवटी ७९-७४ असे जिंकले. कोच तोच सिम्पसन.

इथे मला एक आक्षेप नेहमी येतो. "ताई, एवढं जागेनुसार बदलायला पैसा लागतो, आम्ही छोटे लोक." नाही हो. टीम मैदानागणिक १८ नवे खेळाडू विकत घेत नाही. कोण कुठे उभा राहणार आणि चेंडू पहिल्यांदा कोणाकडे जाणार, हे मुख्यतः बदलतं. तुमच्याकडेही तेच. काउंटर कुठे, कोणता माल पुढे, दुकान किती वाजता उघडायचं, उधारी द्यायची की नाही, घरपोच द्यायचं की नाही. यातल्या बऱ्याच गोष्टींना पैसा लागत नाही, निरीक्षण लागतं.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. "जागाच वाईट मिळाली, काय करणार?" याच्याशी मी अजिबात सहमत नाही. फूटीची फायनल जवळजवळ कायम एमसीजीवर होते, आणि तसा करार २०५९ पर्यंतचा आहे. बाहेरच्या राज्यांतल्या टीम तक्रार करतात, आणि ती तक्रार रास्त आहे. मेलबर्नच्या टीमना ओळखीचं मैदान मिळतं, बाकीच्यांनी प्रवास करून यायचं. पण २००१ ते २००६ अशी सलग सहा वर्षं कप बाहेरच्या राज्यातल्या टीमनेच नेला. ब्रिस्बेनने तीनदा, मग पोर्ट अ‍ॅडलेड, सिडनी आणि वेस्ट कोस्ट. सगळे एमसीजीवर येऊन जिंकले.

यातली २००५ ची सिडनी मला फार आवडते. घरचं मैदान लहान. कोच पॉल रूस. खेळ अगदी दिसायला बोजड, जिथे चेंडू दोघांच्या मध्ये पडेल तिथे अंग घालायचं आणि तो मिळवायचा. लीगच्या प्रमुखांनीच त्या वर्षी त्यांच्या शैलीवर जाहीर टीका केली होती. फायनल ५८-५४ अशी जिंकली आणि ७२ वर्षांचा दुष्काळ संपला. कारण वादातला चेंडू मिळवणं हे कौशल्य मैदान १५५ मीटरचं असो की १७० चं, सगळीकडे लागतं.

म्हणून माझं म्हणणं असं की तुमच्या धंद्याच्या दोन याद्या करा. एक, कुठेही सोबत येणाऱ्या गोष्टी. वजन-माप चोख, माल परत घेताना कपाळावर आठी नाही, रोजचा हिशोब रोज, पुरवठादाराचे पैसे वेळेवर. या बदलायच्या नाहीत. दुसरी, जागेला चिकटलेल्या गोष्टी. भाव, मांडणी, मालाची निवड, वेळ, उधारी. या नव्या जागेत शून्यापासून ठरवायच्या. बरेच जण नेमकं उलटं करतात. बोर्डाचा रंग आणि मांडणी हुबेहूब नेतात आणि रोजचा हिशोब जुन्या दुकानातच सोडून येतात.

आता जिलाँगकडे परत येते, कारण सगळ्यात मोठा प्रश्न तिथे आहे. कोच ख्रिस स्कॉटच्या या टीमने २०११ मध्ये कप जिंकला. नंतर २०१२ ते २०२१ या दहा वर्षांत एक २०१५ सोडलं तर दरवर्षी ते बाद फेरीत पोहोचले. कप एकदाही नाही. लोक म्हणायचे, घरच्या अरुंद मैदानावर गुण कमावतात आणि मोठ्या मैदानावर अडकतात. यात तथ्य होतं, पण पूर्ण नाही. २०२० ची फायनल कोविडमुळे ब्रिस्बेनच्या गाबावर झाली, तिथेही ते रिचमंडकडून हरलेच. मग २०२२ मध्ये त्यांनी संथ, सांभाळून खेळायची पद्धत सोडली आणि चेंडू वेगाने, सरळ पुढे न्यायला सुरुवात केली. एमसीजीवर सिडनीला १३३-५२ असं हरवलं. ८१ गुणांनी.

दहा वर्षं वाईट नव्हती, चांगली होती. म्हणूनच बदलणं अवघड होतं. नुकसानीत असलेला माणूस पटकन बदलतो, बरं चाललेला माणूस बदलत नाही.

तर प्रश्न हा की तुमची फायनल कुठल्या मैदानावर आहे? वर्षभराचं भाडं, पगार आणि हप्ते नक्की कुठल्या दिवसांत निघतात? दिवाळीच्या पंधरा दिवसांत? लग्नसराईत? शाळा सुरू होताना? की उलट, पावसाळ्यातले दोन कोरडे महिने तग धरणं हीच तुमची फायनल आहे? रोजच्या गिऱ्हाइकाला बसेल असं दुकान लावून ठेवायचं आणि त्या पंधरा दिवसांच्या गर्दीला काउंटर अपुरा पडायचा, हे मी ट्रेनिंगला येणाऱ्यांच्या दुकानांत सारखं बघते. घरचे सामने जिंकायचे आणि फायनल सोडून द्यायची, असाच तो प्रकार झाला.

शेवटी एक काम देते. ज्यांनी नवीन गाळा किंवा दुसरी शाखा बघून ठेवली आहे त्यांच्यासाठी. डिपॉझिट देण्याआधी तीन दिवस त्या जागेसमोर उभे राहा. एक बाजाराचा दिवस, एक साधा दिवस, एक सुट्टीचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी किती माणसं जातात, त्यातली किती थांबतात आणि हातात कुठल्या दुकानाची पिशवी असते, हे वहीत लिहा. टेप घेऊन समोरची रुंदी मोजा. मग आपल्या दोन याद्या शेजारी ठेवा आणि तेव्हाच ठरवा की काय न्यायचं आणि काय सोडायचं. आकडे आले की कमेंटमध्ये टाका. मॉडेल काय असावं यावर मग बोलू, त्याआधी नाही.