सण भेटतात तीन वर्षे, मधल्या वर्षांचे काय?

२०१८ ते २०२० अशी सलग तीन वर्षे मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. कोल्हापुरात बाबूजमाल तालमीत पंजा आणि गणपती एकाच ठिकाणी बसले. कुरुंदवाडमध्ये तर मशिदींत गणपती बसवण्याची परंपराच आहे. त्या छायाचित्रांचे राज्यभर कौतुक झाले, आपणही केले. पण हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. असा योग पुन्हा यायला ३० वर्षे लागतात. मधल्या काळात एकत्र कशासाठी यायचे?

मला याचे उत्तर कामाच्या जागेत दिसते. मी कळंब्यात राहतो. गणपतीआधी गंगावेश, शाहूपुरीच्या कुंभार गल्ल्यांत गेलो की एका छपराखाली कोणी शाडू मळतो, कोणी रंग देतो, कोणी डोळे रेखतो. मोहरमचा ताबूतही असाच अनेक हातांनी उभा राहतो : कळकाच्या कामट्या, खळ, रंगीत कागद. दोन्ही कामे रस्त्यावर मिरवण्यासाठीच केलेली आणि थोड्या दिवसांत पाण्यात जाणारी. आज कलाक्षेत्र ज्याला ‘इन्स्टॉलेशन’ म्हणते, ते आपल्या गल्लीला नवे नाही.

२०१७ मध्ये मुंबईत ससून डॉकच्या जुन्या गोदामात देशोदेशींच्या चित्रकारांनी काम केले. मासळीवर जगणाऱ्या तिथल्याच माणसांचे मोठाले चेहरे भिंतींवर लागले. भिंतीवर आपला माणूस दिसला की ती भिंत आपली वाटते.

कोल्हापूरला हे जड नाही. शाहू महाराजांनी अबालाल रहिमान यांना दरबारी चित्रकार नेमले. रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगा हा परिसर त्यांनी रंगांत जपला. आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी एकत्र बसून नाटकांचे पडदे रंगवले. अबालालांना आज ‘मुस्लिम चित्रकार’ म्हणून आठवण्याची गरज कोल्हापूरकराला पडत नाही. ते कोल्हापूरचे चित्रकार आहेत.

म्हणून माझी सूचना साधी आहे. कळंब्यात, तलावाच्या बाजूला किंवा एखाद्या रिकाम्या सार्वजनिक सभागृहात, बारा महिने उघडा असलेला एक सामायिक कारखाना असावा. मूर्तिकार, ताबूत बांधणारे, भिंती रंगवणारी कॉलेजची मुले-मुली, सगळ्यांना एकच दार. जागा ग्रामपंचायतीने द्यावी, अवजारे तालमी-मंडळांनी आणि आपल्या जमातींनी वर्गणीतून घ्यावीत.

आपल्यातल्या काहींना ताबूत मान्य नाही, काहींना माणसाचे चित्र. त्यांच्या श्रद्धेचा आदर आहे. सुलेखन, जाळी, रोषणाई यांत त्यांचा हात चालेल. अट एकच : काम शेजाऱ्यासोबत करायचे.

७ जून २०२३ ला मोबाइलवरच्या स्टेटसवरून कोल्हापूरच्या रस्त्यावर दगड आले. एका कारखान्याने दंगल थांबते, असा माझा दावा नाही. पण ज्याच्यासोबत महिनाभर कामट्या सोलल्या, त्याची ओळख आपल्याला स्टेटसवरून करून घ्यावी लागत नाही. अफवा आली तर त्याला फोन लावता येतो. आज आपल्यातल्या किती तरुणांच्या मोबाइलमध्ये असा एक तरी नंबर आहे?